वाढलं की कमी झालं? कंपनीचा कचरा आणि शाळेची हजेरी, दोन्हीचे आकडे वाचायचे कसे

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या हातात दोन वेगवेगळे कागद येतात. एक ऑफिसमधला. मी विक्रोळीला एका कंपनीत ॲडमिन बघते, तिथून महिनाभरात किती कचरा बाहेर गेला त्याच्या काट्याच्या पावत्या. दुसरा मुलाच्या शाळेतला. पालिकेची शाळा आहे आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, तर तिथे मीटिंगमध्ये बाई हजेरीचा गोषवारा वाचून दाखवतात. दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच असतो, मागच्या वेळेपेक्षा वाढलं का कमी झालं? आणि दोन्हीकडे मी बघितलंय की त्याचं उत्तर एका शब्दात देऊन टाकलं की त्यावर घेतलेला निर्णय हमखास चुकतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, आकड्यांची भीती वाटणाऱ्यांसाठी खास करून, कारण यात पाचवी-सहावीच्या पलीकडचं गणित नाहीये.

आधी कल म्हणजे काय ते बघू, ऑफिसात ज्याला ट्रेंड म्हणतात तो. सोमवारी हजेरी ८२ टक्के, मंगळवारी ८६, बुधवारी ८४, हा कल नाही, हे नेहमीचं वरखाली आहे, कुणाला ताप आला, कुणाच्या घरी लग्न होतं. कल म्हणजे हे रोजचं वरखाली बाजूला केल्यावर बराच काळ एकाच दिशेने जे सरकताना दिसतं ते. त्यासाठी पुरेसे आकडे लागतात, दोन पुरत नाहीत. दोन टिंबं जोडली की रेघ सरळच येणार ना, तिसरं टिंब आल्याशिवाय ती वाकते की नाही कळायचं कसं?

आणि गंमत नाही, खरंच असं होतं की आपल्याला दोनच टिंबं दाखवली जातात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने, म्हणजे आपल्या बीकेसीतल्याच सेबीने, बाजारमूल्याप्रमाणे पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, कंपनी पर्यावरण आणि समाजाबाबत कशी वागते ते सांगणारा रिपोर्ट सक्तीचा केला. त्यात कचऱ्याचा एक तक्ता असतो, प्लॅस्टिक किती टन, ई-कचरा किती, बायोमेडिकल किती, बांधकामाचा राडारोडा किती, बॅटऱ्या, घातक, बिनघातक असं सगळं वेगवेगळं, त्यातलं किती रिसायकल झालं, किती जाळलं, किती डम्पिंगला गेलं तेही. फार चांगला तक्ता आहे, पूर्वी हे शोधून सापडत नव्हतं. पण त्यात कॉलम दोनच, हे वर्ष आणि मागचं वर्ष. मग एखाद्या कंपनीचा कचरा खरंच कमी होतोय का हे बघायचं तर तीन-चार वर्षांचे रिपोर्ट उघडून आपणच एका ओळीत मांडायचे, आणि मांडताना एक गोष्ट नक्की तपासायची, नव्या रिपोर्टमध्ये मागच्या वर्षाचा जो आकडा आहे तो जुन्या रिपोर्टमधल्या आकड्याशी जुळतो का. कधीकधी जुळत नाही, कारण मोजायची पद्धत बदललेली असते नाहीतर चूक दुरुस्त केलेली असते, आणि खाली बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं.

आता सुरुवात कुठून करायची हा प्रश्न. समजा एका कंपनीचा वर्षाचा कचरा असा आहे: २०१८-१९ मध्ये ४० टन, मग ४२, मग २०२०-२१ मध्ये १८, नंतर २५, ३८, आणि २०२३-२४ मध्ये ४१. (आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण आकार ओळखीचा वाटेल.) आता कुणी २०२०-२१ पासून सुरुवात केली तर म्हणणार, कचरा तीन वर्षांत दुपटीहून जास्त झाला. २०१८-१९ पासून केली तर म्हणणार, काही विशेष बदललं नाही, ४० चे ४१. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि पहिलं वाक्य फसवं आहे, कारण १८ हा आकडा लॉकडाऊनचा आहे, कँटीन बंद, माणसं घरी, कचरा करणार कोण. खड्ड्यातून मोजायला सुरुवात केली की सपाट रस्ताही चढ वाटतो. म्हणून कुणीही “इतक्या टक्क्यांनी वाढ” म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कधीपासून? आणि तेच वर्ष का?

दुसरा प्रश्न, कशाने भागलंय? बीआरएसआरमध्ये एकूण कचऱ्यासोबत उलाढालीच्या मानाने किती कचरा तेही द्यावं लागतं, त्याला इंटेन्सिटी म्हणतात. समजा उलाढाल २०० कोटींवरून २६० कोटींवर गेली आणि कचरा ४० टनांवरून ४४ टनांवर. एकूण कचरा १० टक्के वाढला. पण एका कोटीमागे आधी २०० किलो होता तो आता साधारण १६९ किलो, म्हणजे १५ टक्के कमी! वार्षिक अहवालाच्या चकचकीत पानावर कुठला आकडा मोठ्या अक्षरात येईल हे सांगायला नको. तो आकडा खोटा नाहीये, उत्पादन वाढूनही कचरा त्या मानाने वाढला नाही ही चांगलीच गोष्ट आहे. पण उलाढाल रुपयात असते आणि नुसते भाव वाढले तरी उलाढाल वाढते, माल तेवढाच, कचरा तेवढाच, तरी इंटेन्सिटी खाली. आणि कांजूरच्या डम्पिंगला उलाढालीशी काही देणंघेणं नाही, तिथे ४४ टन ते ४४ टनच. माझं मत विचाराल तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत, एकाने दुसऱ्याला झाकू नये.

कांजूरचा विषय निघालाच आहे तर मोजायचं ठिकाण हाही मुद्दा बघू, मुंबईत तो फार चांगला समजतो. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं, मुलुंडचं २०१८ मध्ये बंद झालं, आणि आता शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो. आता कुणी नुसत्या देवनारचा आलेख काढला आणि म्हटलं, बघा कचरा किती कमी झाला, तर आपण कुणीच ऐकून घेणार नाही, कारण कचरा कमी नाही झाला, गाड्या दुसरीकडे वळल्या. पण हेच कंपनीच्या बाबतीत झालं की आपल्या लक्षात येत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक धरलं, आणि पालिकेने अशा सोसायट्या-कंपन्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. आमच्याकडे कंपोस्टचे पिंप बसले, आणि गेटच्या काट्यावरचा आकडा एकदम खाली आला. बाहेर जाणारा कचरा कमी झाला हे शंभर टक्के खरं, आणि त्याचा मला आनंद आहे. पण तयार होणारा कचरा तेवढाच होता, कँटीनमध्ये ताटात टाकलेला भात तेवढाच होता. हे दोन वेगळे आकडे आहेत. आम्ही ते एकाच आलेखात चिकटवले असते तर पुढच्या वर्षी कुणी ताटातल्या भाताकडे बघितलंच नसतं.

काट्याचं अजून एक सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये कचऱ्याचं वजन वाढतं, त्यात बऱ्यापैकी हिस्सा पाण्याचा असतो, पुठ्ठा भिजला की दुप्पट जड. आणि मार्चमध्ये एकदम उडी दिसते, कारण वर्षअखेरीला जुने कॉम्प्युटर, प्रिंटर, खुर्च्या सगळं एका फटक्यात भंगारात निघतं. ते कॉम्प्युटर काही मार्चमध्ये कचरा झाले नाहीत, वर्षभर स्टोअररूममध्ये पडून होते. म्हणून जुलैची तुलना मेशी करू नये, जुलैची जुलैशी करावी, किंवा सरळ मागच्या बारा महिन्यांची सरासरी काढत जावी, दर महिन्याला एक नवा महिना घ्यायचा आणि सगळ्यात जुना सोडायचा. याला सरकती सरासरी म्हणतात. पावसाळा आणि मार्च दोन्ही प्रत्येक सरासरीत एकदा येतातच, त्यामुळे त्यांचं वरखाली निघून जातं आणि खाली जो कल आहे तो दिसायला लागतो.

आता शाळेकडे या, इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे टक्क्यांच्या मागे पोरं आहेत.

हजेरीचं गणित सोपं. महिन्यातल्या सगळ्या मुलांचे हजर दिवस मिळवायचे, आणि पटावरची मुलं गुणिले कामाचे दिवस याने भागायचं. ४० मुलं, २५ दिवस, म्हणजे १००० पैकी. ८५० हजर दिवस भरले तर ८५ टक्के. पण भागाकारात खाली पट आहे हे विसरायचं नाही. गावी गेलेली, महिनोन्महिने न आलेली पाच मुलं पटावरून कमी केली तर दुसऱ्या दिवशी हजेरी वाढलेली दिसेल, एकही मूल जास्तीचं वर्गात न बसता. उलटंही होतं. पट फुगवलेला असेल तर हजेरी कायम कमी दिसते, नाहीतर मग हजेरीही फुगवावी लागते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तीन दिवस शाळाशाळांत जाऊन प्रत्यक्ष मुलं मोजली, ती याचसाठी. पट वेगळा, हजेरी वेगळी, आणि दोघांचा आलेख वेगवेगळा काढूनच मग टक्केवारीकडे बघावं असं मला वाटतं.

मग आपलं कॅलेंडर. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, मुंबईतल्या शाळेचं जूनच्या मध्यापासून, विदर्भात उन्हामुळे त्याहून उशिरा, त्यामुळे दोन ठिकाणचे जूनचे आकडे शेजारी ठेवून काही अर्थ निघत नाही. वर मी म्हटलं की जुलैची तुलना जुलैशी करा, ते कचऱ्याला चालतं, शाळेला प्रत्येक वेळी चालत नाही, कारण आपले सण इंग्रजी महिने बघून येत नाहीत. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, गणपती १९ सप्टेंबरला बसले. २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. आमच्या शाळेतली निम्मी पोरं कोकणातली, गणपतीची सुट्टी शाळा देते ती थोडी, पण गावी गेलेलं घर गौरी-विसर्जन करून, गाडीचं तिकीट मिळेल तसं परत येतं. मग २०२५ चा ऑगस्ट २०२४ च्या ऑगस्टपेक्षा वाईट दिसणार आणि सप्टेंबर मागच्यापेक्षा छान दिसणार, आणि यात शाळेने ना काही बिघडवलंय ना सुधारलंय. दिवाळीचंही तसंच, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच दिवाळी. एका मीटिंगमध्ये असाच ऑगस्टचा आकडा वाचून एक पालक बाईंवर चिडले होते, मला फार वाईट वाटलं, कारण बाईंकडे उत्तर होतं पण आकड्यांसमोर ते सबबीसारखं ऐकू येत होतं. तेव्हापासून आम्ही ऑगस्ट-सप्टेंबर एकत्र धरतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र, आणि आलेखावर गणपती कुठे आले ते पेनने लिहून ठेवतो.

शून्य आणि रिकामं यातला फरकही इथेच कळतो. पाऊस वाढला की पालिका सुट्टी जाहीर करते, कधी तर सकाळचं सत्र भरतं आणि दुपारचं रद्द. त्या दिवशी हजेरी शून्य नसते, हजेरी नसतेच. एक्सेलमध्ये तिथे कुणी ० टाकला तर महिन्याची सरासरी धाडकन पडते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आठवडा कुठल्याही मुंबईच्या शाळेच्या आलेखात विचित्रच दिसणार, पण त्यावरून “जुलै २००५ मध्ये मुलांची शाळेतली रुची घटली” असं म्हणणं हा मुलांवर अन्याय आहे. सगळ्यात मोठी रिकामी जागा करोनाची. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या, मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, पहिली ते सातवीचे १५ डिसेंबरला, जानेवारीत परत बंद, मग २४ जानेवारी २०२२ ला परत सुरू. मधल्या काळात जी हजेरी लागली ती ऑनलाइनची, कुठे लिंकवर आला तो हजर, कुठे व्हॉट्सॲपवर गृहपाठाचा फोटो पाठवला तो हजर. ते आकडे जुन्या रेषेला जोडू नयेत. तिथे रेघ तोडावी, जागा सोडावी, आणि खाली लिहावं की शाळा बंद होत्या.

आता सरासरीच्या आत काय लपतं ते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ४० च्या वर्गात हजेरी ९० टक्के, म्हणजे रोज चार मुलं गैरहजर. छान वाटतं ऐकायला. पण ही चार मुलं रोज वेगवेगळी आहेत का तीच? वेगवेगळी असतील तर प्रत्येक मूल दहा दिवसांत एकदा घरी राहतंय, चालायचंच. तीच चार असतील तर चार मुलं शाळेबाहेर गेलीत आणि ३६ रोज येतायत. टक्केवारी दोन्हीकडे ९०. म्हणून महिन्याच्या सरासरीसोबत एक साधी यादी मागायची, दहा टक्क्यांपेक्षा जास्त दिवस बुडवलेली मुलं किती. सहावी ते आठवीला आरटीईप्रमाणे वर्षाला किमान २२० दिवस शाळा, म्हणजे २२ दिवस बुडाले की लक्ष द्यायचं. वर्गाची सरासरी जागची हलत नाही आणि ही यादी मात्र दर महिन्याला वाढत जाते, असं होऊ शकतं, आणि तेव्हा खरा कल यादीत असतो.

सरासरी अजून एक खेळ करते, तो पहिल्यांदा बघितला तेव्हा मी कागदावर तीनदा करून पाहिला. समजा एका शाळेत प्राथमिकला १०० मुलं, हजेरी ९० टक्के, माध्यमिकला १०० मुलं, हजेरी ७०. शाळेची सरासरी ८०. पुढच्या वर्षी प्राथमिकची हजेरी घसरून ८८, माध्यमिकची घसरून ६८, पण प्राथमिकला आता ३०० मुलं. प्राथमिकची २६४ हजर, माध्यमिकची ६८ हजर, ४०० पैकी ३३२, म्हणजे ८३ टक्के. दोन्हीकडे हजेरी घसरली आणि शाळेची वाढली! कुठे चूक नाही, नियमित येणाऱ्या लहान मुलांचा वाटा वाढला एवढंच. कंपनीतही असंच होतं, जास्त कचरा करणारं एक युनिट विकलं की बाकीच्या सगळ्या युनिटचा कचरा वाढूनही कंपनीची सरासरी सुधारलेली दिसते. एकूण आकडा बघून झाला की तो एकदा तरी फोडून बघायचा, इयत्तेप्रमाणे, सत्राप्रमाणे, मुलं-मुली, युनिटप्रमाणे.

टक्क्यांबद्दल थोडक्यात. हजेरी ८० वरून ८८ वर गेली तर ती ८ टक्के वाढली म्हणायचं का १०? आठ हा दोन टक्केवाऱ्यांमधला फरक, त्याला आठ पॉइंट म्हणावं, आणि ८० च्या मानाने आठ म्हणजे १० टक्के वाढ. दोन्ही बरोबर, पण काय म्हणतोय ते सांगायला हवं. सगळ्यात बरं म्हणजे सरळ “८० वरून ८८ वर” असं लिहायचं, वाद मिटतो. आणि आलेख बघताना डावीकडची उभी पट्टी शून्यापासून सुरू होते का ७५ पासून ते बघायचं. ७५ पासून केली तर दोन पॉइंटची घसरणही कडा कोसळल्यासारखी दिसते.

मग लिहायचं कसं? आधी लांबून सगळं एका वाक्यात, मग वळणं कुठे आली ते, मग आकडे, आणि कारण असेल तर सगळ्यात शेवटी आणि वेगळं. शब्द आपल्याकडे भरपूर आहेत, किंचित वाढली, हळूहळू चढत गेली, उसळली, रेंगाळली, निम्म्यावर आली, तळ गाठला, सावरली, पण पूर्वीच्या पातळीवर पोचली नाही. प्रत्येकाचा वेग वेगळा आहे, आणि तो आकड्याशी जुळला पाहिजे, दोन पॉइंटला “प्रचंड घसरण” म्हणायचं नाही. वरच्या कंपनीचं मी असं लिहीन: कचरा २०१८-१९ मध्ये ४० टन होता आणि पाच वर्षांनी ४१, म्हणजे जवळपास तेवढाच. मधे २०२०-२१ मध्ये तो १८ टनांपर्यंत खाली आला, त्या वर्षी ऑफिस बराच काळ बंद होतं, आणि पुढच्या तीन वर्षांत परत पूर्वीच्या जागी आला. बस. यात वाचणाऱ्याला सगळं मिळतं आणि कुणाची फुकट पाठ थोपटली जात नाही.

कारणाचं एवढं सांभाळायचं, “म्हणून” आणि “त्याच काळात” या दोन शब्दांत फार अंतर आहे. २०२०-२१ मध्ये आमच्या कंपनीचा कचराही पडला आणि शाळांची हजेरीही, दोन रेषा एकावर एक ठेवल्या तर जुळ्या वाटतील, पण कचऱ्याने हजेरी पाडली नाही, दोघांना एकाच लॉकडाऊनने पाडलं. शाळेत पोषण आहारात बदल झाला आणि त्याच महिन्यात हजेरी वाढली तर “त्याच काळात वाढली” एवढं लिहायचं, मग शेजारच्या शाळेत तो बदल न होताही वाढली का ते बघायचं, आणि मगच “म्हणून” लिहायचं.

मागच्या मीटिंगला गोषवाऱ्यात एकच ओळ होती, सातवीची हजेरी ९१ टक्के, समाधानकारक. आम्ही बाईंना पट उघडायला सांगितला. तेहतीस मुलं जवळपास रोज हजर होती आणि तीन मुली दिवाळीनंतर दहा दिवससुद्धा आल्या नव्हत्या. त्या ओळीच्या खाली बाईंनी दुसरी ओळ लिहिली, “तीन विद्यार्थिनी नोव्हेंबरपासून अनियमित,” आणि येत्या रविवारी त्यांच्या घरी कोणी कोणी जायचं ते तिथेच ठरलं.